मुक्ताबाईची लाल रेघ

औंढ्याच्या मुक्ताबाईला कुणी विचारलं, "काय काम करता ओ मावशी?" तर ती सरळ सांगायची, "पोरं रडवायचं." आणि वर खदखदून हसायची.

काम खरंच तसलंच होतं. कुसगावच्या अंगाला जो मोठा पार्क झालाय, तिथं गरुड नावाचा एक पाळणा आहे. पाळणा कसला, राक्षसच तो! माणसांना वर काय नेतो, गरागरा काय फिरवतो, उलटं काय टांगतो. खालून बघणाऱ्यानंच डोळे मिटून घ्यावेत. त्या पाळण्याच्या दाराशी भिंतीवर एक लाल रेघ आहे, एकशेवीस सेंटीमीटरची. पोराचं डोकं रेघेला लागलं तर आत, नाही लागलं तर माघारी. आणि लागलं की नाही हे सांगायला मुक्ताबाई.

आधी ती तिथं झाडायला होती. त्याच्याही आधी पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी रस्त्याकडेला कणसं भाजायची आणि बाकीचे दिवस नवऱ्याबरोबर, दत्तोबाबरोबर, भाताच्या खाचरात राबायची. खाचर अजून आहे, दत्तोबा अजून राबतो, आणि मुक्ताबाई निळा शर्ट साडीवर चढवून रोज पार्कात जाते. रेघेवर तिला आणलं प्रदीपनं. हा प्रदीप गरुडाचा सुपरवायझर, बेडसे गावचा. तिच्या आधी रेघेवर एक तरणा मुलगा होता. भला होता, पण कुणाच्या आईनं जरा आवाज चढवला की त्याची भंबेरी उडायची आणि पोरगं आत जायचं. प्रदीपनं एकदा मुक्ताबाईला झाडता झाडता खाली कागद टाकणाऱ्या एका दांडगट गिऱ्हाइकाला कचऱ्याच्या डब्यापर्यंत परत पाठवताना बघितलं आणि म्हणाला, "हीच पाहिजे."

पहिल्याच दिवशी त्यानं तिला एक गंमत दाखवली. गंमत कसली, घाबरवलंच! तांदळाची एक लहान गोणी खुर्चीत ठेवली, खांद्यावर येणारा दांडा खाली ओढला आणि रिकामा पाळणा फिरवला. पाळणा उलटा झाला मात्र, गोणी दांड्याखालून सुळकन निसटली आणि खाली येऊन फुटली. तांदूळ सगळीकडे. "दांडा मोठ्या मापाचा आहे मावशी. लहान पोराला तो धरतच नाही," प्रदीप म्हणाला. मुक्ताबाईनं ते तांदूळ स्वतः झाडून गोळा केले. त्या दिवसापासून तिच्यापुढं कुणाची डाळ शिजली नाही.

शिजवायला बघणारे काय कमी होते? एक आई पोरीला डोक्याच्या पार टोकावर अंबाडा घालून आणायची. एका बापानं पोराच्या बुटात वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या. मुक्ताबाई बूट काढायला लावायची, केस सोडायला लावायची, डोक्यावर लाकडाची पट्टी आडवी धरायची आणि म्हणायची, "टाचा टेकव बाळा. श्वास सोड." नाहीच भरली उंची, तर मात्र ती पोराला कधी बुटकं म्हणाली नाही. पोराच्या कानाशी वाकून सांगायची, "तू ल्हान न्हाईस रं. ह्यो पाळनाच मेल्यांनी लय मोठा करून ठेवलाय." पोरं रडायची, पण जरा कमी रडायची.

इथवर सगळं बरं होतं. पण मुक्ताबाईला एक नात आहे, ईश्वरी. कैलासची, म्हणजे मुक्ताबाईच्या मुलाची, एकुलती एक लेक. आणि ही बया म्हणजे वेताळ! आजी रोज ज्या पाळण्याच्या दाराशी उभी असते त्यात आपण बसायचंच, हे तिनं पहिलीत असतानाच ठरवून टाकलं होतं. आजीनं तिला शब्द दिला, "तुजी उंची भरली की मी सोता तुला पयल्या खुर्चीत बसवीन." ईश्वरीनं तो शब्द शाळेत सगळ्या वर्गाला सांगितला.

आता उंची भरली हे घरी कळायचं कसं? मुक्ताबाईनं युक्ती काढली. पार्कातल्या रेघेला सुतळी लावली, जमिनीपासून रेघेपर्यंत माप घेऊन गाठ मारली आणि ती सुतळी पदरात बांधून घरी आणली. स्वयंपाकघराच्या चौकटीला सुतळी लावली आणि गाठीपाशी सुनेच्या, माधवीच्या, नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली. खडूची रेघ पुसली जाते, नेलपॉलिश मरेपर्यंत जात नाही. माधवी बाटलीकडं बघून हळहळली, पण बोलली नाही. तेव्हापासून दर शनिवारी आजी कामावरून आली की ईश्वरी पळत जाऊन चौकटीला चिकटायची. "आजी, बघ गं!" आजी पट्टी धरायची. "अजून न्हाई." ईश्वरी पाय आपटायची, आणि तिचं ताट उचलेपर्यंत तोंड फुगलेलं असायचं.

मग गौरी-गणपतीच्या आधी कैलासनं घरात फरशी बसवली. जुना कोबा उखडायला वेळ नव्हता, म्हणून गवंड्यानं त्याच्यावरच सिमेंटचा माल पसरला आणि वर पांढरीशुभ्र फरशी. घर कसं झक्क दिसायला लागलं. फक्त दारं अडकायला लागली. मग सुताराला बोलावून सगळी दारं खालून तासून घेतली. सगळ्यांनी मिळून दारं उचलली, तासली, पुन्हा बसवली. आणि एवढ्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात चौकटीवरची रेघ आली नाही. आता बोला!

गणपती उठले आणि पुढल्या शनिवारी ईश्वरी चौकटीला चिकटली. आजीनं पट्टी धरली. पट्टी रेघेला टेकलेली! मुक्ताबाईनं पुन्हा धरली. टेकलेलीच. "अगं बया! माधवी, इकडं ये, पोरीची उंची भरली!" घरात एकच गलका झाला. दत्तोबानं नव्या म्हशीकडं बोट दाखवलं. "म्या म्हनलं नव्हतं? तिचं दूध अंगी लागलं बग." म्हशीला त्या दिवशी जादा पेंड मिळाली. ईश्वरी तर घरभर नाचत होती, आणि सोमवारी सगळ्या शाळेला ठाऊक झालं की दिवाळीच्या सुट्टीत ती गरुडात बसणार.

दिवाळीच्या सुट्टीत पार्कवाले कामगारांच्या घरच्यांना एक दिवस फुकट सोडतात. त्या दिवशी ईश्वरी नवा फ्रॉक घालून, कैलासचं बोट धरून, थेट गरुडापाशी आली. दुसऱ्या कुठल्या पाळण्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. रांगेत उभी राहिली, आणि पुढच्या मागच्यांना सांगत राहिली, "ती माजी आजी हाय." मुक्ताबाईला लांबूनच ते ऐकू येत होतं. आनंदानं तिला नीट उभं राहवेना. पहिली खुर्ची तिनं प्रदीपला सांगून धरून ठेवली होती.

पोरीची पाळी आली. तिनं आपणहून चपला काढल्या, भिंतीला पाठ लावली, टाचा टेकवल्या, श्वास सोडला. मुक्ताबाईनं पट्टी धरली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पट्टी आणि रेघ यांच्यात दोन बोटांचं अंतर.

तिनं पुन्हा धरली. ईश्वरीचे केस दाबले, सोडले. पट्टी उलटी करून धरली. अंतर दोन बोटंच.

"आजी, झालं?" ईश्वरीनं विचारलं.

"थांब बाळा."

"अगं, पन घरी तर भरली हुती!"

मुक्ताबाईची नजर पोरीच्या अनवाणी पावलांवर गेली. पावलांखाली साधी जमीन होती. आणि घरी? घरी पावलांखाली पांढरीशुभ्र फरशी, तिच्याखाली गवंड्याचा माल, आणि त्याच्याखाली तो जुना कोबा, जिथून तिनं सुतळी मोजली होती. मुक्ताबाईनं कपाळावर हात मारला. "कैलास! अरं फरशी! फरशी वर आली रं, पोर न्हाई वाढली!"

कैलासच्या डोक्यात उजेड पडला आणि त्याला हसूच फुटलं. हसायची ती वेळ होती का? पण माणसाचं काही सांगता येत नाही. मग पोरीचं तोंड बघून त्यानं हसू गिळलं आणि आईजवळ येऊन हळूच म्हणाला, "जाऊ दे की आई. दोन बोटांचा तर प्रश्न हाय. घरचीच पोर हाय."

प्रदीपनंही मान दुसरीकडं वळवली. "मावशी, मी जरा तिकडचं मशीन बघून येतो," म्हणाला. म्हणजे काय ते मुक्ताबाईला कळलं.

मोह झाला. झालाच! खोटं कशाला सांगा? पहिली खुर्ची समोर रिकामी होती. पोरीनं सगळ्या शाळेत सांगून ठेवलेलं. शब्द मुक्ताबाईनंच दिलेला, आणि चूक पोरीची तर रतीभर नव्हती. सुतळी आजीची, रेघ आजीची, फरशी बापाची. तिनं एकदा पट्टी खाली घेतली. आत जा, असं म्हणायला तोंडही उघडलं. आणि तेवढ्यात वरचा पाळणा उलटा झाला, माणसं किंचाळली, आणि तिचं तोंड आपोआप मिटलं.

"न्हाई," ती म्हणाली. "कैलास, हिला बाजूला घे."

मग ती नातीच्या कानाशी वाकली. "तू ल्हान न्हाईस गं..." एवढंच बोलली, आणि पोरीच्या खांद्यावरचा फ्रॉक सारखा करत राहिली. हजार पोरांना सांगितलेलं वाक्य, पण स्वतःच्या पोरीला सांगताना अर्धंच राहिलं.

ईश्वरी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं चपला हातात घेतल्या आणि आजीकडं बघून म्हणाली, "तू खोटं बोललीस." आणि पलीकडच्या बाकावर जाऊन पाठ करून बसली. कैलासनं आइस्क्रीम देऊ केलं, छोट्या आगगाडीत बसू म्हणाला, पण ती कशालाच हलेना. मुक्ताबाई पुढच्या पोरांची उंची बघत राहिली, पण जीव सगळा त्या बाकावर. नव्या फ्रॉकचा पाठीवरचा बो तिला तेवढा दिसत होता.

रांग पुढं सरकत होती. तेवढ्यात एक बाई आल्या, बरोबर गोरागोमटा, चष्मेवाला मुलगा. मुक्ताबाईनं पट्टी धरली. बोटभर कमी. तिनं मान हलवली. मुलानं भोकाड पसरलं, आणि बाई भडकल्या.

"अहो, आम्ही एवढ्या लांबून आलोय! तासभर रांगेत उभे आहोत!"

"व्हय ताई, पन मापच न्हाई."

"एका बोटानं काय होतंय? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" बाईंचा आवाज चढला. रांगेतले लोक माना उंचावून बघायला लागले. "मला एक सांगा, तुमच्या स्वतःच्या घरातलं मूल असतं, तर त्याला असंच परत पाठवलं असतंत का?"

एरवी मुक्ताबाईच्या जिभेवर उत्तर तयार असतं. पण हे बोलणं असं वर्मी बसलं की तिची नजर थेट त्या बाकावर गेली. ती नुसती पट्टी हातात धरून उभी राहिली. बाईंना वाटलं, निरुत्तर केलं. "बघा! आता कशा गप्प बसल्या!"

"मलाबी न्हाई सोडलं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ईश्वरी बाकावरून उठून आली होती. चपला अजून हातातच.

"तू कोण गं?" बाईंनी विचारलं.

"मी हिची नात हाय," ईश्वरी म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "सख्खी. आज मला पयल्या खुर्चीत बसायचं हुतं. आजीनं न्हाई सोडलं." आणि कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून की काय, ती रेघेखाली जाऊन भिंतीला टाचा लावून ताठ उभी राहिली. "बगा. दोन बोटं कमी हाय."

बाईंनी एकदा त्या पोरीकडं बघितलं, एकदा मुक्ताबाईकडं, आणि त्यांचा चढलेला आवाज कुठल्या कुठं गेला. "हो का..." एवढंच म्हणाल्या. मग मुलाला जवळ घेत, "सॉरी हं, आजी."

चष्मेवाल्या मुलाचं रडं मात्र मध्येच थांबलं होतं. तो निरखून रेघेकडं बघत होता. "माझं एकच बोट कमी आहे," तो ईश्वरीला म्हणाला.

"मग काय झालं? बसायला तर तुलाबी न्हाई मिळालं."

"पण मी तुझ्यापेक्षा उंच आहे."

"टाचा टेकव की मग खाली! चवड्यांवर उभा ऱ्हातोस व्हय?" ईश्वरी हातातल्या चपला टाकून त्याच्यावर खेकसली. आणि दोघंही एकमेकांना पाठ लावून कोण उंच ते मोजायला लागली. मोजता मोजता भांडली, आणि भांडता भांडता छोट्या आगगाडीकडं चालू लागली. बाई आणि कैलास पोरांच्या चपला उचलून मागं. चार पावलं गेल्यावर ईश्वरी वळली आणि तिथूनच ओरडली, "आजी, पन मी तुज्याशी अजून बोलत न्हाई, सांगून ठिवते!"

"नको बोलूस, माजे आई," मुक्ताबाई म्हणाली, आणि तिचा ऊर असा भरून आला की निळ्या शर्टाची बाही डोळ्यांना लावावी लागली. इतक्या सुखात ती कितीतरी दिवसांत नव्हती.

रांगेतलं पुढचं पोरगं भिंतीला पाठ लावून उभं राहिलं. मुक्ताबाईनं पट्टी धरली, पण डोळ्यांपुढं सगळं धूसर. लाल रेघ काही केल्या दिसेना. तिनं प्रदीपला हाक मारली. "प्रदीप, इकडं ये रं जरा. ह्या पोराची उंची भरती का न्हाई, तूच बघ."