चोथ्याचा पाक

राणोजींबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेला मी, मला रसायनातलं काय कळणार? पण चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत आमची दारं एकाच जिन्यावर होती आणि दोन हजार सातच्या दसऱ्याला जे झालं ते मी पाहिलं.

राणोजी तंजावरी मराठी. रोज संध्याकाळी मरिनाच्या किनाऱ्यावरच्या रसाच्या गाड्यांवरून उसाचा चोथा पोत्यात भरून आणायचे. रसवाला रंगा 'सर'चं तमिळ 'सार' करून म्हणायचा, "सार, आधी गाईला विचारा. तिचा हक्क पहिला!"

अंबत्तूरच्या एका लहान कारखान्यात ते या चोथ्यातून साखरेचा पाक काढत. तो काळा, वास मारणारा पाक हायड्रोजनबरोबर तापलेल्या नळीतून सोडायचा. नळीत धातूची पूड. तिच्यावरून जाताना साखरेचं अल्कोहोल होई, गाडीत जाळता येईल असं. स्वच्छ साखरेचं कोणीही करील, ते म्हणत; चोथ्यातली घाण पूड मारून टाकते, खरी मारामारी तिथंच. त्यांची पूड मात्र टिकली होती. नळी महिनाभर अखंड चालली की ते सिद्ध होणार होतं. महिना दसऱ्याला भरत होता, आणि पैसे गुंतवणारे पाहुणेही त्याच दिवशी येणार होते.

"अण्णा, चला. एकदा डोळ्यांनी पाहा," म्हणून ते मलाही घेऊन गेले.

नळी गार होती. तिच्यावर चंदनाचे पट्टे, कुंकवाचे ठिपके, शेवंतीची माळ. मालक सुब्बा यांनी आदल्या संध्याकाळी आयुधपूजेला ती स्वतःच्या हातानं बंद केली होती.

"यंत्राला एक दिवस विसावा नको? आजोबांपासूनची रीत आहे," सुब्बा म्हणाले. "करा की पुन्हा चालू."

"आंत पाक आळला. पूड मेली," राणोजी म्हणाले. "शिवणयंत्र होय हें?"

सुब्बांना त्याचं काहीच नव्हतं. दुसऱ्या नळीत ताजी पूड भरून वाण्याकडच्या पांढऱ्या साखरेचं पाणी लावून ठेवलं होतं. पाहुण्यांना थेंब दिसले म्हणजे झालं.

थेंब दिसले. निळी ज्योत पेटली, टाळ्या पडल्या. कोपऱ्यात माशा घोंगावणाऱ्या चोथ्याच्या ढिगाशेजारी उभं राहून फोटो काढले गेले. नाकाला अत्तराचा रुमाल लावून एकानं विचारलं, "हे सगळं या कचऱ्यातून?"

"नाही," राणोजी म्हणाले. "दुकानच्या साखरेतून. कचऱ्याचा पाक त्या माळ घातलेल्या नळीत मरून पडलाय."

सुब्बा मोठ्यानं हसले. "आमचे सार फार विनोदी!" पाहुणेही हसले आणि केळीच्या पानांकडे वळले. गोड पोंगलाचा तुपट गूळभात चाटत एकानं राणोजींची पाठ थोपटली. सदऱ्यावर तुपाची पाच बोटं उठली. पान तसंच टाकून मी उठलो.

परतताना मरिनावर रंगानं पोतं भरून तयार ठेवलं होतं. "सार, आज तुमच्यासाठी गाईला हाकललं बघा!"

राणोजींनी पोतं रस्त्याच्या कडेला उपडं केलं.

"बोलाव तिला," ते म्हणाले.