जावयाने बसवलेला पट्टा

जगातल्या कुठल्याही गोष्टीवर ती अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, असा पण केलेला एकच माणूस मी पाहिला, आणि नेमके तेच माझे सासरे निघाले. बाजारात ते गुळाची ढेप दाबायचे, कलिंगड दाबायचे, नव्या वहाणेचा तळ दाबायचे. गावात शाळा बांधली तेव्हा तिची भिंतसुद्धा दाबून आले होते. मला पाहायला नगरला आले, तेव्हा चहाचा कप खाली ठेवून त्यांनी माझा दंड दाबला आणि बरोबरच्या पाहुण्यांना म्हणाले, "मऊ हाय, पन मास्तरला चालतंय." लग्न ठरलं ते तिथंच.

मात्र मी जावई झालो आणि त्यांचा अंगठा माझ्यापुरता म्यान झाला. मिरजगावकडच्या त्या घरात जावयाला 'चुकलं' म्हणणं म्हणजे त्याला भरल्या ताटावरून उठवण्यासारखं. एकदा खारट आमटीला मी चुकून अळणी म्हटलं, तर सासूबाईंनी मुकाट्याने तीत आणखी मीठ घातलं आणि सगळ्या घराने ती तशीच खाल्ली.

दुष्काळ सरला त्या साली हस्ताचा पाऊस चांगला झाला. मी सुट्टीला तिथेच होतो. सासऱ्यांनी रानातलं ढेकूळ दाबून सांगितलं, "उद्या कुळवून पेरलं तर जवारी हाती लागंल. परवा वल उडाली की संपलं." आणि नेमका त्याच दुपारी त्यांचा जुना ट्रॅक्टर वाफा सोडत दारात येऊन थांबला. इंजिनाच्या पंख्याचा पट्टा झिजून त्याचे दोरे लोंबत होते. नवा पट्टा घरात खुंटीला होता, पण मिस्त्री परगावी लग्नाला गेलेला. शाळेत विज्ञान शिकवतो, एवढ्या भांडवलावर मी म्हणालो, "मामा, मी बसवतो."

सासऱ्यांनी आधी रानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसवा की, जावायबापू."

डायनामो सैल करून पट्टा चढवायचा आणि डायनामो बाहेर ओढून तो ताणायचा, एवढं मला उमगलं. किती ताणायचा, ते उमगलं नाही. म्हणून पहार घालून होती नव्हती ती सगळी ताकद लावली. पट्टा तारेसारखा ताठ झाला. सासऱ्यांना राहवेना; त्यांचा अंगठा पुढे आला, पट्ट्याला टेकला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"झ्याक बसला!" ते म्हणाले. "आता आत जाऊन च्या घ्या. अगं ए, जावायबापूंना च्या दे!"

कप घेऊन मी सहज खिडकीशी गेलो. बाहेर सासरे घाईघाईने नट सैल करत होते. डायनामो जरासा आत ढकलला, पट्टा दाबला. पुन्हा थोडा ओढला, पुन्हा दाबला. मधूनच चोरासारखं दाराकडे बघत होते. माझा चहा संपला होता. पण आता बाहेर गेलो तर त्यांचे हात थांबणार आणि पट्टा अर्धवट राहणार, एवढं माझ्या विज्ञानातही बसत होतं.

"आणखी अर्धा कप मिळेल?" मी सासूबाईंना विचारलं. त्या दुपारी मी तीन कप प्यालो.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेच्या आत रान कुळवून झालं आणि मागोमाग शेजाऱ्याच्या बैलांची पेरणीची पाभर फिरली. ज्वारी पुरुषभर उंच आली. सासरे बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले, "पट्टा आमच्या जावायानं बसिवला. मिस्त्रीला बी जमला नसता."

परवा त्यांच्या दहाव्याला एका म्हाताऱ्याने मला जवळ बोलावलं. "ट्रॅक्टरचा पट्टा बसिवला, ते जावाई तुमीच न्हवं?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण मी खरं बोललो असतो तर सासरे खोटे पडले असते.

"व्हय," मी म्हणालो, "मीच."