नववी खुंटी

वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चौतीस वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काढलेला माणूस रिटायर होतो म्हणजे नक्की काय होतं, हे रुपचंद आबांना अजून कळलेलं नाही. धुळ्यात देवपूरला घर बांधून पंधरा वर्षं झाली, तरी घरातला कूलर, नळ, सायकल, इतकंच काय, देव्हाऱ्यातली घंटासुद्धा दर महिन्याला तपासून घट्ट केली जाते. मशीन उघडलं की प्रत्येक स्क्रू परत आपल्या जागी गेला पाहिजे आणि एकही भोक रिकामं राहता कामा नये, हा त्यांचा धर्म. एकदा शेजाऱ्यांनी न सांगताच आबांनी त्यांचं फाटक आवळून दिलं, ते पुढे आठ दिवस उघडेना. बायको भिकुबाई म्हणायची, "या घरमा येकच स्क्रू ढिला शे, आनि तो तुमना डोकामा शे." आबांना ते ऐकून बरं वाटायचं, कारण म्हणताना ती हसत असायची.

भिकुबाईला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात श्रावणातली कानबाई देवी बसली नव्हती, आबांच्या मनानंच घेतलं नव्हतं. यंदा श्रावण लागला आणि सून दीपमाला म्हणाली, "आबा, या रविवारी आपण कानबाई बसवू. पण गाणी स्पीकरवरची नकोत. आईंचीच हवीत."

दीपमालाचं माहेर साताऱ्याकडचं. सासूची गाणी तिने एकदाच ऐकली होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. मुलगा अमृत नोकरीपायी नंदुरबारला, घरी येतो तो शनिवारी, आणि त्याला एका गाण्याच्या दोन ओळींपलीकडे काही येत नाही. गाणी होती ती फक्त कॉम्प्युटरमध्ये.

अमृतच्या कॉलेजसाठी घेतलेला तो कॉम्प्युटर अमृत नोकरीला लागल्यावर नुसताच पडून होता. आबांनी रिटायर झाल्यावर त्याच्यावर मराठी टायपिंग शिकून घेतलं, एका बोटाने. दुपारी भिकुबाई खाटेवर बसून लसूण सोलत कानबाईची गाणी म्हणायची आणि आबा ती उतरवून घ्यायचे. चौतीस वर्षांच्या शिफ्टमध्ये दिवसाउजेडी बायकोजवळ सलग दोन तास बसणं त्यांना कधी जमलं नव्हतं. ते सुख उतारवयात मिळालं, आणि त्याहून मोठं सुख आबांनी आयुष्यात पाहिलं नाही. दोन उन्हाळ्यांत चाळीसेक गाणी झाली. छापून घेऊ, छापून घेऊ म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

बुधवारी आबांनी कॉम्प्युटरवरची चादर काढली. उंदरांनी आत बिऱ्हाड केलं होतं, कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा तळाशी गंजला होता. तरी बटण दाबल्यावर तो कुरकुरत सुरू झाला. दुसऱ्या कुणी आधी गाणी उघडली असती. आबांनी ताबडतोब बंद केला. आधी मशीन धड करायचं, मग काम! दुपारच्या एसटीने जळगावला जाऊन त्यांनी गोलाणी मार्केटमधून नवीन डबा आणला, आणि गुरुवारी सकाळभर बसून जुन्याचं सगळं सामान त्यात बसवलं. वायरी दोऱ्याने नीट बांधल्या. एक स्क्रू उरला नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. पडदा काळाच.

आबांनी मॉनिटरची वायर काढून पुन्हा लावली. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली. आतला बटणाएवढा सेल काढला, घातला. पंखा आपला खुशाल फिरतोय आणि पडद्यावर काही नाही. शेवटी चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून नवलला बोलावलं. त्याने बघितलं, डब्याजवळ कान नेऊन काही आवाज येतो का ते ऐकलं आणि मान हलवली.

"आबा, मदरबोर्ड गेला. एवढं जुनं आता कुठे मिळणार नाही. हार्डडिस्क द्या, माझ्या मशीनवर उघडून देतो."

दुकानात फाइल उघडली, पण अक्षरांच्या जागी चौकोन आणि भलतीच चिन्हं. त्या वेळच्या मराठी सॉफ्टवेअरला बोटाएवढं एक कुलूप असायचं, ते कॉम्प्युटरच्या पाठीला खोचल्याशिवाय मराठी दिसायचं नाही. नवलच्या नव्या मशीनला ती खाचच नव्हती.

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. दीपमालाने ताट दोनदा गरम केलं.

"चालू होतं बेटा," ते म्हणाले. "चांगलं चालू होतं. मीच उघडलं. तिचा आवाज तर गेलाच होता, आता शब्दबी मीच घालवले."



शुक्रवारी सकाळी आबा अंघोळ करून, फॅक्टरीत जाताना घालायचे तसा खाकी शर्ट घालून बसले. जोडलेल्या मशीनमध्ये दोष सापडत नसेल तर सगळं सुटं करायचं आणि टेबलावर उघडं चालवून बघायचं, हे त्यांना पहिल्याच वर्षी उस्तादांनी शिकवलं होतं. त्यांनी बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. मेमरीची एकच पट्टी, एक मॉनिटर, बाकी काही नाही. बटण डब्याला होतं, म्हणून बोर्डावरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं.

टीक् असा बारीक आवाज आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

"आबा! आलं!" दीपमाला ओरडली.

आबांचं लक्ष मात्र डब्याकडे गेलं. बोर्ड चांगला म्हणजे खोट आपल्या बसवण्यात. त्यांनी रिकामा डबा उजेडाला धरला. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली बारक्या पितळी खुंट्या लावतात. डब्यात त्यांच्यासाठी नऊ भोकं होती, आबांनी नऊच्या नऊ भरली होती. बोर्ड उलटा करून त्यांनी भोकं मोजली. आठ. नववी खुंटी थेट बोर्डाच्या पाठीवरच्या जोडांना टेकत होती, तिथे बारीक ओरखडाही उठला होता.

 त्यांनी ती खुंटी दोन बोटांनी फिरवून काढली, ती जागा तशीच उघडी ठेवून बोर्ड बसवला, नवलकडून आणलेली हार्डडिस्क जोडली आणि पाठीला ते कुलूप खोचलं. यावेळी पडदा उजळला. मराठी अक्षरांसकट.

दीपमाला अडखळत वाचू लागली, "कानबाई माय वं, ऊनी तू पाहुनी... पाय धोवाले पानी ठेवं मी अंगनी..." आणि थांबली. "आबा, पुढे लिहिलंय, 'थांबा, दूध उतू जाई राहिनं.' हे गाण्यातलंच का?"

आबा ओशाळले. भिकुबाईच्या तोंडून येईल ते सगळं उतरवायचं, मधलं काही गाळायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. काय गाणं आणि काय नाही, हे ठरवणारे आपण कोण, असं त्यांना वाटायचं.

"छापताना काढू का ह्या ओळी?"

"नको," आबा म्हणाले. "येकबी काढू नको."

रविवारी संध्याकाळी कानबाई बसली. गल्लीतल्या बाया छापलेले कागद हातात घेऊन गाऊ लागल्या. दुधाची ओळ आली तेव्हा सुपडू गवळ्याची म्हातारी आई क्षणभर थबकली, मग तिने तीही चालीत म्हटली. बाकीच्या हसत हसत तिच्यामागे गेल्या. भिकुबाईला त्या सगळ्याच ओळखत होत्या. तिसऱ्या गाण्यात चार ओळींनंतर आणखी एक अशीच मधली ओळ होती, तीही बायांनी एका सुरात उचलली, "तुम्ही आयकी राहिनात ना?"

मागच्या खोलीच्या दारात उभे असलेले आबा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "आयकी राहिनू वं. म्हन तू."