खालांचा आगळ

मी आज धडधाकट आहे तो शेजारच्या मुसलमान मावशींमुळे, म्हणजे आमच्या खालांमुळे. हे आधीच सांगतो, कारण पुढं माझ्या अकलेचे तारे दिसतील आणि त्यात खाला झाकल्या जायच्या.

मी घाबराघुबरा कुंपणापाशी गेलो की त्या पाट सरकवत. "आधी बस, मंग मर!"

मी हिंगोलीकडचा, नववीतून शाळा सोडलेला, मुरुडच्या एका लॉजवर स्वयंपाकी. छातीत गॅस धरला तरी मला गावाकडं बायको-पोरगी रडताना दिसतात. त्यात तपासणीत कोलेस्टेरॉल भरपूर वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. मी मोबाइलवर वाचलं, गोळीनं लिव्हर जातं आणि लाल फळांतल्या अँटिऑक्सिडंटनं रक्तवाहिन्या धुऊन निघतात. इथं लाल म्हणजे कोकम. गोळी सोडली आणि खालांकडचा आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, दोन वेळा पेलाभर प्यायला लागलो. तोंड पार वाकडं व्हायचं. वाटायचं, लागू पडतंय! हसू नका, असा एक शहाणा तुमच्याही ओळखीत असेल.

एकदा लॉजच्या सोलकढीसाठी म्हणून बाटली मागितली तर खालांनी ती पाठीमागं लपवली.

"लॉज रिकामी हाय. सोलकढी काय भुतं पितात?"

मी ऐटीत म्हणालो, "औषध आहे, खाला. अँटिऑक्सिडंट!"

"आणि मीठ? मी मूठमूठ घातलंय, ते कुठं जातं?"

मी मोबाइल काढून मीठ शोधायला लागलो. त्यांनी बुरखा चढवला आणि मला दवाखान्यात नेलं. बीपी चढलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "कोलेस्टेरॉल वाढलं की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं, वाहिनी नीट सैल होत नाही. अँटिऑक्सिडंटनं ते सुधारेल अशी आशा होती, पण त्याच्या गोळ्यांनीही हार्टअटॅक टळतो असं दिसलेलं नाही. फळं खा. आगळ बंद, माझी गोळी चालू."

मग खालांकडं वळून म्हणाले, "तुमचंही रक्त बघू या."

सुई दिसताच खाला गायब. मला त्या थेट एसटी स्टँडवर सापडल्या. "माझ्या वाहिन्या माझ्या ताब्यात हायेत," म्हणाल्या, पण बुरख्याची बाही दंडावर घट्ट ओढून धरली होती. पहिल्यांदाच वाटलं, ही बाईही घाबरते.

त्यानंतर रोज सकाळी कुंपणावरून हाक यायची, "गोळी? जीभ दाखव!" चाळिशीचा बाप्या मी, भर रस्त्यात जीभ काढून उभा राहायचो.

यंदा खालांचा मुलगा त्यांना दुबईला घेऊन गेला. अंगणात कोकमं वाळत नाहीत, दाराला कुलूप आहे. गोळी घेतली की मी त्या कुलपाला जीभ दाखवतो. पर्यटक बघतात, बघू देत.

खाला, परत आलात की त्याच दवाखान्यात नेणार आहे तुम्हाला. सुई टोचेपर्यंत हात सोडणार नाही. फक्त स्टँडकडं पळू नका. आधी बसा.