शालूताईंचा जपानी नट

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. त्यांचे यजमान, भाऊ, एवढंच म्हणाले, "राजासारखी गेली हो." मला रडण्याआधी हसू फुटलं... कारण पाचच आठवड्यांपूर्वी त्या खरोखर राजा झाल्या होत्या.

आमची ओळख इथे आखातात, अल सद्द भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, हळदीकुंकवाला झाली. मी नाशिकहून नवीनच आलेली, अकलेनं कच्ची आणि तोऱ्यानं पिकलेली. दिवाणखान्यात लाकडी ठशानं छापलेलं एक जपानी चित्र होतं, भाऊंच्या गॅस प्लांटवरच्या जपानी इंजिनिअरनं मायदेशी परतताना दिलेलं. लांब बाह्यांचा किमोनो, केसांत फुलं, मान वळवून रोखलेली नजर. मला वाटलं, जपानची कुणी देवी असावी. मी भक्तिभावानं काचेवर हळदकुंकू लावलं, वर नमस्कारही केला! शालूताई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. "सुमे, अगं तो बाप्या आहे! काबुकी नाटकातला नट. तिकडे बायकांची कामं पुरुषच करतात." मी लाल होऊन म्हटलं, "शी! असली चित्रं घरात कशाला?" तेव्हाची ती सुमी आज भेटली तर तिला असा चिमटा काढीन...

यंदा आमच्या मंडळानं गणपतीत नाटक ठरवलं. केमोनं शालूताईंचे केस गेलेले, आवाज बसलेला, आणि बाई म्हणाल्या, "राजा मी करणार." लग्नाआधी वडिलांनी स्टेजवर चढू दिलं नाही, नंतर संसारानं. पुढचा गणपती त्यांना दिसणार नव्हता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. आयटीतला आमचा दिग्दर्शक चाचरला, "काकू, राजा म्हणजे जरा..." त्यांनी आपल्या दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या नटाकडे बोट दाखवलं. "हा गडी बाई होतो, मग मी राजा का नाही? यल्ला, चल, मिशी आण!"

प्रॉम्प्टर मी. दुसऱ्या अंकात त्यांची ओळ गेली. माझा चष्मा डोक्यावर आणि मी तो वहीखाली शोधतेय! शालूताईंनी सावकाश मान वळवली, नजर रोखली, थेट त्या चित्रातल्यासारखी, आणि तशाच थांबल्या... पापणीसुद्धा हलली नाही. मागून एक शिट्टी आली, मग टाळ्यांचा कडकडाट. तो थांबेपर्यंत त्यांना ओळ आठवली होती. विंगेत आल्या तेव्हा मिशी अर्धी लोंबत होती. "बघितलंस, सुमे? जिंकले!"

गेल्या आठवड्यात भाऊ ते चित्र अल अझीझियाला, मी राहते त्या माझ्या मुलाच्या घरी, स्वतः लावून गेले. रोज सकाळी मी त्याच्यासमोर उभी राहते. मान वळवते, नजर रोखते. मंडळाला पुढच्या गणपतीतही राजा हवाय, आणि मी नाव दिलंय. स्कूलबसची वाट बघत नात माझी पापणी किती वेळ हलत नाही ते घड्याळ लावून मोजते. "आजी, यू ब्लिंक्ड!" मी डोळे पुसते आणि पुन्हा उभी राहते.