हाक नसलेला चेंडू

कुवेतला मी लेथ मशीन शिकवायला गेलो होतो, फुटबॉल शिकवायला नव्हे. पण आमच्या तांत्रिक कॉलेजच्या संघाच्या कोचने एका संध्याकाळी मला मैदानाच्या कडेला उभं राहून बचावातल्या बॅकांना नावं ठेवताना ऐकलं. हे गृहस्थ पॅलेस्टिनी, बोलायला तुटक. एवढं कळतंय तर तुम्हीच घ्या त्यांना, म्हणाले. मी घेतलं. नाही म्हणायचा माझा स्वभाव नाही, आणि तोंड आवरायचा तर त्याहून नाही.

मोसम सुरू होतानाच आमचं दोघांचं वाजलं. कोचचं म्हणणं असं की बचावाचं ध्येय एकच असतं, गोल बसता कामा नये. मी म्हटलं, हे ध्येय नव्हे, ही दुआ झाली. गोल वाऱ्याने बसतो, रेफरीच्या डुलकीने बसतो. वर्कशॉपमध्ये मी पोरांना ‘चांगला बोल्ट कर’ असं सांगून मोकळा होत नाही. हत्यार कसं धरायचं, एका वेळी किती कापायचं, हे सांगतो. बोल्ट मग आपोआप चांगला होतो. बॅकलाही त्याच्या हातात असेल तेवढंच मागावं.

मी माझ्या तिन्ही बॅकांकडून दोन गोष्टी मागितल्या. चेंडू गेला की आधी आपल्या गोलकडे पळायचं, हळहळ नंतर. आणि आपल्या बॉक्समध्ये आलेल्या प्रत्येक चेंडूला कुणीतरी हाक दिलीच पाहिजे. ‘माझा’ म्हणा, ‘तुझा’ म्हणा, पण गप्प राहायचं नाही. मी आयुष्यभर पाहत आलो होतो, चेंडू गोलात जातो तो दोघं गप्प उभे असतात त्यांच्या मधून.

कोचने ऐकून घेतलं आणि थंडपणे सांगितलं, “फिंतासच्या संघाविरुद्ध एक जरी गोल बसला, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही फक्त लेथ शिकवा.”

दिवसभर मशीनच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. घरी, हवल्लीच्या त्या दीड खोलीत, भिंतीपलीकडचं कुटुंब तक्रार करायचं म्हणून बायको मला सारखी हळू बोलायला लावायची. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर वाढलेला माणूस मी, या होडीतून त्या होडीत बोलणाऱ्यांच्या घरातला. मला मनसोक्त ओरडता येईल अशी जागा अख्ख्या कुवेतमध्ये एकच होती, दाबलेल्या वाळूचं ते मैदान. ते गेलं असतं तर माझं कशात मन लागलं नसतं.

सरावात मी घसा फोडून घ्यायचो. मला अरबी यायची ती बाजारापुरती, म्हणून घाईत तोंडातून गावचीच भाषा निघे. आमच्याकडे ओहोटीला पुळण उघडी पडली की फुटबॉल रंगायचा. आमचा गोल नेहमी समुद्राच्या बाजूला, उताराला. त्यामुळे मागे हटा म्हणायचं तर ‘खाली!’ बॅक पुढे धावत सुटले की मी कडेवरून ‘खाली! खाली!’ करायचो, आणि काय आश्चर्य, ते तिघं अरब जवान समोरच्या गड्याचा नाद सोडून मागे सरकायचे. माझी छाती फुगायची. बायकोला सांगितलंसुद्धा, पोरांनी माझी भाषा उचलली म्हणून.

गोली तेवढा माझ्याकडे नव्हता. लांब हातांचा तो कुवेती मुलगा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कोचच्या फॉरवर्डांचे फटके अडवत असायचा.

फिंतासची मॅच शुक्रवारी, तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजानंतर. वारा असा की चुन्याच्या रेघा उडत होत्या. पहिल्या अर्ध्यात बराच वेळ मी कडेवर धावत ओरडत होतो आणि बॅक ऐकत होते. मग त्यांच्याकडून एक मऊसा चेंडू घरंगळत आमच्या बॉक्समध्ये आला. त्यात काही दम नव्हता. गोली वाकलाही होता. डावा बॅक मात्र पुढे राहिला होता, म्हणून मी जीव खाऊन ओरडलो, “खाली!”

गोलीने माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. चेंडू त्याच्या पायांजवळून गेला, आणि मागून धावत आलेल्या फिंतासच्या गड्याने तो सहज आत ढकलला.

हाफटाइमला कोच गोलीवर तुटून पडले. चेंडू का सोडलास, म्हणून. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने माझ्याकडे बोट केलं. “उस्ताद म्हणाले, सोड.”

माझं डोकं फिरलं. मी काही ‘सोड’ म्हणालो नव्हतो, मी ‘खाली’ म्हणालो होतो. तसं मी सगळ्यांदेखत पुन्हा ओरडून दाखवलं. शेवटी मधला बॅक चाचरत म्हणाला, “तेच ना. खल्ली. म्हणजे सोड, राहू दे.” मी त्याला विचारलं, मग इतके दिवस तुम्ही मागे कसे जात होतात? त्यांना वाटत होतं, मी चेंडू सोडून मागे व्हा म्हणतोय. लहानपणी मदरशात कुराण पढताना माझा ‘ख’ असा घशातून घोटून घेतला होता की अरबालाही शंका येऊ नये. मला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं.

कोच म्हणाले, “आता एक शब्द काढलात तर मैदानाबाहेर.”

दुसऱ्या अर्ध्यात मी रुमालाचं टोक दातांत धरून उभा राहिलो. पहिलाच चेंडू बॉक्समध्ये आला आणि आमचे सगळे गप्प. माझी वाट बघत होते. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. मी रुमाल सोडला नाही. पुढचा चेंडू आला तेव्हा मधला बॅक ओरडला, माझा. मग उजवा. मग खुद्द गोली, इतक्या खड्या आवाजात की मी दचकलो. मी त्या पोरांचे आवाज आजवर ऐकलेच नव्हते. ऐकणार कसा, सगळ्या चेंडूंना मीच हाका देत होतो.

आम्ही एका गोलने हरलो. मी माझी पिशवी उचलली. मधला बॅक जवळून जाताना थांबला आणि म्हणाला, “तुम्ही गप्प होतात, म्हणून आम्हाला बोलावं लागलं.” त्याला मला लागेल असं बोलायचं नव्हतं. पण लागलं.

कोच आले. बसलेल्या गोलाचं नाव काढलं नाही. फक्त विचारलं, “दुसऱ्या अर्ध्यात हाक नसलेले चेंडू किती?”

मी एक बोट वर केलं.

“बोला आता. मॅच संपली.”

मी रुमाल तोंडातून काढला. मग तेच म्हणाले, उद्यापासून गोलीसुद्धा तुमच्याकडे.