गॅरंटीचा लाल ठिपका

मागच्या महिन्यात परदेशातून नातीचा फोन आला. तिचा लॅपटॉप बंद पडला होता. घेतला होता नागपुरात, बिघडला तिकडे, आणि तिकडचे लोक म्हणत होते की जिथे घेतला तिथेच दाखवा.

"आजी, कंपनी तीच, नाव तेच, तरी इथे वॉरंटी चालत नाही म्हणे!" पोरगी रडकुंडीला आली होती. इकडे मी तोंडाला पदर लावून हसत होते.

"तू हसतेयस?"

"नाही गं, ठसका लागला."

ठसका कसला! मला चोवीस वर्षांची एक शहाणी बाई आठवली होती. बी.ए. पास, टायपिंग पास, आणि अक्कल नापास. ती बाई म्हणजे मीच. म्हणून तिची हवी तेवढी खिल्ली उडवायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

माझा मोठा भाऊ तेव्हा जर्मनीत होता. लग्नानंतर दोन वर्षांनी, एका ओळखीच्या माणसाच्या हाती, त्याने मला टाइपरायटर पाठवला. इंग्रजी अक्षरांचा, आकाशी रंगाचा, पेटीत बंद होणारा, हाताने उचलून नेता येईल असा. पेटीवर चित्र होतं: एक गोरी बाई बागेत बसून तो चक्क मांडीवर घेऊन टाइप करते आहे. मीही एकदा घेतला मांडीवर. पाय बधिर झाला आणि पुढचा अर्धा तास मी लंगडत होते. पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

पेटीत एक गॅरंटी कार्ड होतं. गुळगुळीत, सोनेरी कडेचं, एक वर्षाचं. त्यावर लिहिलं होतं की यंत्राच्या तळाला एका स्क्रूवर लाखेचा लाल ठिपका आहे. तो कंपनीच्या माणसाखेरीज कुणी फोडला, तर गॅरंटी संपली. मी ते कार्ड मंगळसूत्राच्या डबीत ठेवलं. घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला यंत्र उलटं करून तो ठिपका दाखवायचे. बायका म्हणायच्या, "बरं आहे." दुसरं काय म्हणणार बिचाऱ्या? ठिपकाच तो.

सासूबाईंना मात्र या ठिपक्याचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या. लहानपण हातमागाच्या खटखटाटात गेलेलं. त्यांनी यंत्र चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "हे उघडते कुठून?"

"उघडायचं नसतं, आई. गॅरंटी आहे."

"जे उघडत नाई, ते साफ कसं करतेस वं?"

यावर मी नुसती हसले. शिकलेल्या माणसाचं ते हसू असतं ना, समोरच्याला अडाणी ठरवणारं, तसं.

तर गोष्ट अशी की, त्याच वर्षी एका सरकारी कार्यालयात टंकलेखकाच्या जागा निघाल्या. परीक्षा जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं: उमेदवारांनी आपापली यंत्रे सोबत आणावीत. त्या काळी तशीच पद्धत होती. परीक्षेच्या दिवशी लोक रिक्षात, सायकलच्या कॅरिअरवर, कुणी तर डोक्यावर मशीन घेऊन यायचे. आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये परीक्षेसाठी द्यायला मोजकीच यंत्रं होती. सरांनी मला विचारलं, "तुमच्यासाठी एक ठेवू का?"

"मला नको सर, माझी परदेशी आहे," मी म्हणाले. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. माझ्या वाट्याची मशीन लगेच दुसऱ्या मुलीला गेली.

मला ती नोकरी हवी होती, अगदी जिवापाड. घरात अडचण होती असं नाही. पण सकाळी डबा घेऊन, पर्स लटकवून, छत्री हातात घेऊन घराबाहेर पडणारी बाई मला व्हायचं होतं. छत्री तर मी आधीच घेऊन ठेवली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी यंत्राची पूजा केली. घरात विळी, सुरी, यांची सायकल, सगळ्यांना हळदीकुंकवाचं एकेक बोट मिळालं. पण टाइपरायटर! त्याला मी पाटावर बसवलं, झाकण काढलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या, कुंकवाच्या दोन चिमटी सोडल्या आणि दोन्ही हातांनी मूठभर अक्षता टाकल्या. नवरा-नवरीवर टाकाव्यात तशा. वर अक्षरांच्या बटणांवर गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य ठेवला.

पंधरवड्यात यंत्र अडखळायला लागलं. आधी एक अक्षर अडकलं, मग त्याची शेजारीण, मग ओळच्या ओळ. दिवाळीपर्यंत बटण दाबलं की आतून कुईंऽ असा आवाज यायचा आणि अक्षर अर्ध्या वाटेवर हात वर करून उभं राहायचं, वर्गात उत्तर येत नसलेल्या पोरासारखं.

इन्स्टिट्यूटच्या मशीनी दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. पन्नाशीचे, सायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून शहरभर फिरायचे. ते घरी येऊन पाहून गेले.

"बाई, तळ खोलू द्या. अर्ध्या घंट्याचं काम हाये."

"नाही नाही! ठिपका आहे."

"कसला ठिपका?"

मी दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. "लाख हाये ही."

"गॅरंटी आहे ती."

"असन. पण अडकलं आत हाये, अन् गॅरंटी बाहेर हाये." असं म्हणून चहा पिऊन ते गेले.

आता मी कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजीत. असं इंग्रजी की आज वाचलं तर मलाच शब्दकोश लागेल. 'आपल्या नामांकित कारखान्यात असा निष्काळजीपणा व्हावा याचा मला धक्का बसला आहे,' वगैरे. धक्का! मला! खरा धक्का तर त्या यंत्राला बसला होता, मूठभर तांदळाचा.

महिन्याने उत्तर आलं. कंपनीला फार वाईट वाटलं होतं. त्यांनी कळवलं होतं की यंत्र मूळ पेटीसह आमच्या सर्वांत जवळच्या सेवाकेंद्रात आणून द्यावं. सर्वांत जवळचं केंद्र तेहरानला होतं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. "काय म्हणते वं तुही कंपनी?"

"जवळच्या केंद्रात न्या म्हणतात. तेहरानला."

"हे कुठं आलं? कन्हान नदीच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडे. बरंच पलीकडे. दुसऱ्या देशात."

"मंग वाडीच्या ट्रकनाक्यावर जा अन् एखाद्या ट्रकात टाकून दे. डायवरले सांग, बाबा, समुद्र लागला का उतरवून ठेव."

संध्याकाळी हे घरी आल्यावर सासूबाईंनी विषय पुन्हा काढला. "तू तरी सांग ना गा तिले! मिस्त्रीले खोलू दे म्हणा."

यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज वरण छान झालंय." असा संसार झाला आमचा, पंचेचाळीस वर्षं.

पत्रासोबत एक छापील फॉर्मही होता. यंत्र आणणं शक्य नसेल तर तो भरून पाठवा, आम्ही सल्ला देऊ. त्यात एक प्रश्न होता: आवाज कसा येतो? मी लिहिलं, 'कुईं'. मग वाटलं त्यांना कळणार नाही, म्हणून पुढे लिहिलं, 'कडी नसलेल्या दारासारखा, वारा सुटल्यावर.' दुसरी सूचना होती की त्याच यंत्रावर काही ओळी टाइप करून नमुना जोडा. तो नमुना काढायला मला दीड तास लागला. एकेक अक्षर बोटाने ढकलून त्याच्या जागी पोचवावं लागत होतं. बोटं लाल झाली. मला वाटलं, रिबिनीचा रंग.

फॉर्म पाकिटात घातला आणि शुभकार्याच्या पत्राला लावतो तसं चारही कोपऱ्यांना कुंकू लावलं. काम व्हावं म्हणून.

डिसेंबर संपला. उत्तर नाही. मी रोज जेवणाच्या टेबलावर यंत्राशिवाय टाइप करायचे, नुसती बोटं आपटून. सासूबाई ताट पुढे सरकवत म्हणायच्या, "जेव आधी. लाकूड काही छापत नाई."

परीक्षेला तीन दिवस उरले. गुरुवारी मी पोस्टात गेले, परदेशी टपाल आलं का विचारायला. पोस्टातल्या बाबूंनी मला पाहताच लांबूनच मान हलवली. रोजची ओळख झाली होती.

घरी आले तर व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर माझा आकाशी टाइपरायटर उलटा, पोट उघडं टाकून पडलेला. शेजारी मिस्त्री उकिडवे बसलेले. समोर सासूबाई, एका हातात अडकित्ता, दुसऱ्या हातात सूप. लाखेचा ठिपका अडकित्त्याने फुटून फरशीवर पडला होता, सुपारीच्या भुग्यासारखा.

मी अशी किंचाळले की शेजारीण कणकेच्या हातांनी धावत आली. "आई! गॅरंटी!"

"गॅरंटी बसली हाये तेहरानात," सासूबाई म्हणाल्या. "पेपर हाये रविवारी. तू इथं बस अन् पाहा."

मी पाहिलं. मिस्त्री यंत्र हलवत होते आणि सुपात काय काय पडत होतं. टप्. टप्. पिवळे तांदूळ. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. खोबऱ्याचा एक तुकडा, आणि त्याच्यामागे मुंग्यांचं एक अख्खं कुटुंब, जे मला वाटतं गॅरंटीच्या भरवशावरच तिथे राहायला आलं होतं. अक्षरांच्या काड्या जिथून निघतात त्या बारीक खाचांमध्ये कुंकू आणि तेल मिसळून घट्ट लाल लगदा झाला होता. माझी बोटं कशाने लाल झाली ते आता कळलं.

शेजारीण सुपात वाकून बघायला लागली.

मग मिस्त्री म्हणाले, "बाई, मशीन खराब नाई. तिचं पोट भरलं हाये."

"पूजा केली होती," मी पुटपुटले. "दसऱ्याची."

"आमच्या घरी दसऱ्याले मशीनची पूजा नाई राहत. त्या दिवशी आम्ही सारे दीक्षाभूमीवर जातो. जायच्या आधी मी मशीनले ब्रश मारतो अन् दोन थेंब तेल देतो. तिले तेवढंच आवडते."

"पूजा तर आमी बी करत होतो मागाची," सासूबाई सुपातले तांदूळ पाखडत म्हणाल्या. जुन्या सवयीने पाखडत होत्या, शिजवायचे नव्हते. "पण मागाच्या पायाशी. मागाले जेवाले कोन वाढते वं?"

मिस्त्रींनी रॉकेलने खाचा धुतल्या, तेल दिलं, तळ बसवला. अर्ध्या घंट्याचं काम अर्ध्या घंट्यातच झालं. माझ्या मनात तेवढा वेळ फक्त जर्मनीतल्या कारखान्याला लिहिलेलं ते वाक्य फिरत होतं, 'आपल्या नामांकित कारखान्यात असा निष्काळजीपणा'.

रविवारी रिक्षात यंत्र मांडीवर घेऊन परीक्षेला गेले. पेटीवरच्या गोऱ्या बाईसारखी. पाय पुन्हा बधिर झाला. हॉलमध्ये सगळ्यांची लोखंडी धुडं आणि मध्ये माझी ही आकाशी चिमणी. घंटा झाली, बोटं सुटली. यंत्र असं पळालं म्हणता! सातव्या-आठव्या ओळीला, ओळ बदलायचा खटका ओढला आणि आतून एक पिवळा तांदूळ टुणकन उडून टेबलावर पडला. फेऱ्या मारणारे परीक्षक थांबले. त्यांनी तो चिमटीत उचलून पाहिला.

"कुणाचं लग्न आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान वर केली नाही. हसू दाबायला ओठ चावला आणि टाइप करत राहिले. एकही चूक झाली नाही.

फेब्रुवारीत नेमणुकीचं पत्र आलं. छत्री उघडून मी घरातल्या घरात दोन चकरा मारल्या. घरात छत्री उघडू नये म्हणतात. त्या दिवशी सासूबाईंनीही चालवून घेतलं.

आणि होळीच्या सुमारास, आता कुणी वाट पाहत नसताना, कंपनीचं पाकीट आलं. आत एक लहानसा ब्रश आणि पत्र. त्यांच्या तंत्रज्ञाने माझा नमुना भिंगाखाली पाहिला होता. कागदावर बोटांच्या ठशांत लाल भुकटी होती, पाकिटाच्या कोपऱ्यांवरही तीच. ही भुकटी यंत्रात गेली असावी असा त्यांचा नम्र अंदाज होता. सोबतच्या ब्रशने ती झाडावी. गॅरंटी अबाधित आहे.

"वाच ना वं मोठ्यानं," सासूबाई म्हणाल्या.

मी वाचलं, म्हणजे माझ्या सोयीचं. "ते म्हणतात, तुम्ही यंत्र फार छान सांभाळलंय."

"मंग ब्रश काहून धाडला?"

मी पत्राची घडी घालायला लागले. त्यांनी पाकीट हातात घेतलं, कोपऱ्यावरचं कुंकू अंगठ्याने चोळलं आणि माझ्याकडे पाहिलं. "सात समुद्रापलीकडून त्याइले समजलं. अन् तुह्या मांडीवर होतं, तुले नाई समजलं."

ब्रश मी कार्डाशेजारी डबीत ठेवणार होते. सासूबाईंनी ठेवू दिला नाही. मिस्त्री पुढच्या वेळी आले तेव्हा सासूबाईंनी तो त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या गा. काम तुम्ही केलं, गॅरंटी तुमची."

हे सगळं मी नातीला फोनवर सांगितलं आणि म्हटलं, गल्लीतला एखादा मिस्त्री शोध. ती म्हणाली, "आजी, इथे गल्ल्याच नाहीत." मग काय सांगणार?

मिस्त्रींनी मात्र तो परदेशी ब्रश उलटसुलट करून पाहिला होता, केसांवरून अंगठा फिरवला होता आणि पिशवीत टाकता टाकता म्हणाले होते, "चांगला हाये. पण आपल्या इतवारीच्या बाजारात बी मिळते असा."